मिल्ट्रीवाली बाई, केळीचा ट्रक आणि थ्रिलर: कादंबरी लिहायला बसायचं तर काय काय करायचं

मागच्या उन्हाळ्यात माझ्या कादंबरीची पहिली पन्नास पानं मी शेजारच्या आबांना वाचायला दिली. आबा म्हणजे रिटायर्ड सुभेदार, मूळचे साक्रीकडचे, आता जळगावात आमच्याच गल्लीत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला पानं घेऊन आले, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "ताई, हाई पोर कोनता देसनी फौजमा व्हती वं?"

माझी नायिका पॅरा कमांडो होती, बारा वर्षं नोकरी करून अजून कॅप्टनच होती, आणि भुसावळला उतरली तेव्हा तिच्या कमरेला सरकारी पिस्तूल होतं. यातलं एकही होऊ शकत नाही. पन्नास पानं गेली, पण त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय, कारण फौजेतून परतलेली, आतून हललेली बाई घेऊन थ्रिलर लिहायची हौस मला एकटीलाच नाहीये हे मला माहितीये.

पहिलं काम, तिची नोकरी ठरवा

कथानक, खलनायक, शेवट, सगळं बाजूला ठेवा. आधी एक कागद घ्या आणि तिचा सर्व्हिस रेकॉर्ड लिहा. कुठल्या साली भरती, कुठली शाखा, कुठे पोस्टिंग, किती वर्षं, बाहेर कशी पडली. हे झालं की अर्धी कादंबरी आपोआप सरळ होते.

डॉक्टर आणि नर्सिंगच्या बायका फौजेत फार आधीपासून आहेत. बाकीच्या शाखांमध्ये महिला अधिकारी घ्यायला १९९२ मध्ये सुरुवात झाली आणि पहिली तुकडी १९९३ मध्ये चेन्नईच्या ओटीएमधून, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून, बाहेर पडली. म्हणजे सप्लाय, ऑर्डनन्स, सिग्नल, इंजिनिअर्स, इंटेलिजन्स असल्या शाखा. पायदळ आणि रणगाडे आजही बायकांना उघडे नाहीत. तोफखान्यात पहिल्या पाच जणी २०२३ मध्ये आल्या. शिपाई म्हणून बाई हवी असेल तर मिलिटरी पोलिसची पहिली ८३ जणींची तुकडी २०२१ ची. एनडीएत मुली २०२२ पासून, पहिली बॅच बाहेर पडली २०२५ ला, म्हणजे खडकवासल्याहून निघून दहा वर्षं लढून थकलेली नायिका अजून जन्मायचीये, तिला घेऊ नका.

आता वयाचा हिशोब करा, इथे सगळे गंडतात. तिला कारगिल दाखवायचंय? १९९९ ला पंचविशीची असेल तर आज ती पन्नाशीच्या पुढे आहे. त्यात वाईट काही नाही, उलट पन्नाशीची, गुडघे दुखणारी, चष्मा शोधणारी नायिका मला तरी फार आवडेल, पण मग तिला सातपुड्यात मारेकऱ्याच्या मागे पळवू नका.

हुद्द्याचं गणित सोपंय. लेफ्टनंट म्हणून सुरुवात, दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. बारा वर्षं काढलेली बाई मेजर असते. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे ठराविक मुदतीची नोकरी, दहा वर्षं आणि वाढवून मिळाली तर चौदा, आणि त्यावर नेहमीची पेन्शन लागू होत नाही, अधिकाऱ्याला त्यासाठी वीस वर्षं लागतात. बायकांनाही कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, द्या असा सुप्रीम कोर्टाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० चा आहे, त्याच्या आधी बाहेर पडलेली बाई आणि नंतर राहिलेली बाई यांची आयुष्यंच वेगळी. ही नुसती माहिती नाही, यात पात्र आहे. पस्तिशीला माहेरी परतलेली, नोकरी नाही, पेन्शन नाही, गावात सगळे मेजरसाहेब म्हणतात आणि भाऊ हळूच विचारतो की तुझे ग्रॅच्युइटीचे पैसे कशात गुंतवलेस. एवढ्यावर तीन प्रकरणं निघतात.

मी शेवटी तिला आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये टाकलं. रसद, गाड्या, काफिले. चमकदार काही नाही म्हणूनच टाकलं. गावात तिला मेजर फक्त तोंडावर म्हणतात, पाठीमागे मिल्ट्रीवालीच म्हणतात.

दुसरं, जखम एकच ठेवा आणि ती निर्णयाची असू द्या

लिहिणाऱ्याला वाटतं की जितकी जास्त प्रेतं तितका जास्त त्रास, तसं नसतं. आबांशी बोलताना मला जाणवलं की जे सांगताना ते थांबायचे ते गोळीबाराचे किस्से नव्हतेच, ते "मी त्याला तिकडे पाठवलं" अशा जातीचे होते.

म्हणून माझ्या मेजरची जखम अशी. काश्मीरमधला काफिला. सकाळी रोड ओपनिंग पार्टी, फौजेत तिला आरओपी म्हणतात, रस्ता तपासून मोकळा देते आणि मग गाड्या निघतात. चढावर तिसऱ्या गाडीचं इंजिन गरम होतं, ती तिला बाजूला घ्यायला लावते आणि चौथीला पुढे काढते. साधा निर्णय, शंभरदा घेतलेला. चौथी गाडी उडते. चौकशीत ती निर्दोष ठरते, आणि निर्दोष ठरणं हेच तिला सहन होत नाही, कारण शिक्षा झाली असती तर निदान हिशोब तरी मिटला असता.

इथे एक पथ्य मात्र पाळा. खरा हल्ला उचलून त्यात आपली नायिका बसवू नका. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यातले दोघे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले होते, मुक्ताईनगर ओलांडलं की मलकापूर येतं, अंतर एवढंच आहे. तुमचा वाचक त्यांचा नातेवाईक असू शकतो. घाट काल्पनिक घ्या, तारीख देऊ नका, युनिटचा नंबर तर अजिबात देऊ नका.

तिसरं, त्रास दाखवायचा कसा

इथे जरा दम धरून वाचा, कारण नव्वद टक्के माती इथेच होते. दिवाळीचा फटाका वाजला आणि फौजी पलंगाखाली गेला, हे आता बंद करा. आणि दारूची बाटली, अस्ताव्यस्त खोली, आरशावर मारलेली बुक्की, हेही.

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा त्रास, हे नाव मानसोपचाराच्या अमेरिकन यादीत आलं १९८० ला. लक्षणांचे साधारण चार गट धरतात. नको ती आठवण आपोआप येणं, त्या आठवणीकडे नेणाऱ्या गोष्टी टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मन काळवंडणं, आणि अंग सतत सावध राहणं. हे महिन्याच्या वर टिकलं तर डॉक्टर ते नाव देतात. लढून आलेल्या प्रत्येकाला हे होत नाही आणि झालेला प्रत्येक जण हिंसक नसतो, उलट बरेच जण गप्प होतात. कादंबरीवाले पहिल्या गटावर तुटून पडतात, मला विचाराल तर दुसरा आणि चौथा गट लिहायला जास्त मजेशीर आहेत. टाळणं म्हणजे ती आमच्या जिल्ह्यातल्या सावद्याहून फैजपूरला जाताना सरळ रस्ता सोडून शेतातल्या कच्च्या वाटेने जाते आणि कोणी विचारलं तर म्हणते, "इकडून गार वाटतं." मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना. वाचकाला तिथेच कळतं, तुम्ही समजावून सांगायची गरज नाही.

आता माझ्या मसुद्यातला एक प्रसंग सांगते, काय करायचं ते त्यावरून लक्षात येईल. घरी भरताचा बेत आहे. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ केलाय, त्यावर बामणोदची मोठी हिरवी वांगी भाजतायत. भरताचं वांगं भाजायच्या आधी टोचायचं असतं, सुरीने चार भोकं पाडली की झालं, नाहीतर आतली वाफ साठून ते फुटतं. वहिनी त्या दिवशी फोनवर बोलत असते, एक वांगं टोचायचं राहतं. फट्. मोठा आवाज नाही, कुणी मान पण वळवत नाही. मेजर पलंगाखाली जात नाही, ओरडत नाही. ती उभी असते तिथेच उभी राहते आणि अंगणात किती माणसं आहेत ते मोजते. पाच. भावाचा लहान मुलगा जाळाजवळ आहे, ती त्याच्या खांद्याला धरून त्याला भिंतीमागे नेते, अगदी हळू, मग परत येते आणि पुन्हा मोजते. चार. चार का? पाचवा तिनेच भिंतीमागे नेलाय हे आठवायला तिला काही क्षण लागतात. तोपर्यंत आई विचारते, "काय झालं वं?" आणि ती म्हणते, "काही नाही, वांगं फुटलं." रात्री पानात भरीत पडतं, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात, आणि जळक्या सालीचा तो वास. ती जेवत नाही, पित्त झालंय म्हणते.

बघा, यात बंदूक नाही, स्वप्न नाही, रडारड नाही. आवाज आपल्या घरातला, वास आपल्या घरातला. तुमच्या गावचं असं वांगं शोधा. कुठे जिनिंगमधला कापसाचा उडणारा पुंजका असेल, कुठे विहिरीच्या सुरुंगाचा दणका, कुठे लग्नातल्या डीजेमुळे छातीत होणारी धडधड.

औषधाचंही एक सांगते. गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी डोकं शांत, असं होत नाही, या गोळ्यांना काम करायला काही आठवडे लागतात. आणि प्रेमात पडून ती बरी झाली असं तर कृपा करून लिहू नका.

चौथं, आणि सगळी कादंबरी ज्यावर उभी राहते ते

तिचा त्रास एकीकडे आणि गुन्हा एकीकडे, असं असेल तर ती थ्रिलर नाही, ती दोन अर्ध्या कादंबऱ्या चिकटवलेल्या आहेत. जे तिचं दुखणं आहे तेच तिचं कसब असायला पाहिजे. गावाला जे वेड वाटतं त्यातूनच सुगावा निघाला पाहिजे, म्हणजे वाचक पानोपानी अडकतो की हिला खरंच काही दिसलंय की हिचं डोकं फिरलंय.

माझ्याकडे ते असं आलं. मेजरला झोप नाही. रात्री गच्चीवर पडून ती रस्त्यावरच्या गाड्या मोजते. रावेर-सावदा पट्ट्यात केळीच्या गाड्यांना तोटा नाही, माल भरून उत्तरेकडे जातात, रिकाम्या परत येतात. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. रिकामा ट्रक गतिरोधकावर खडखडतो, फाळका वाजतो, साखळी वाजते. भरलेला ट्रक दबून जातो, नुसता हुंकारतो. एका रात्री उत्तरेकडून, म्हणजे रिकामा यायला पाहिजे त्या बाजूने, एक ट्रक येतो आणि वाजत नाही. ती उठून बघते, वर ताडपत्री आवळलेली आणि मागचे स्प्रिंगचे पाटे वजनाने कमान सोडून सरळ झालेले.

बस्, एवढाच सुगावा. ती सांगते भावाला, भाऊ म्हणतो झोपेची गोळी घेतली का. सांगते पोलीस ठाण्यात, तिथे ठाणे अंमलदार नम्रपणे पाणी पाजून घरी पाठवतो. आणि लेखक म्हणून तुम्ही इथे थोडी लबाडी करायची, तिला एकदा चुकवायचं. चौथ्या-पाचव्या प्रकरणात ती एक साधा, निरपराध ट्रक भर रस्त्यात अडवते, ड्रायव्हरला खाली उतरवते, ताडपत्री फाडते, आत केळीच असतात. व्हिडिओ गावभर फिरतो. आता तिचा स्वतःवरचाही विश्वास जातो. पुढे ती बरोबर ठरते तेव्हा वाचकालाच आपण हसलो होतो त्याची लाज वाटली पाहिजे.

अजून एक. तिने पूर्ण बरोबर ठरू नये. तिला वाटत असतं की तिच्या काफिल्यावर हल्ला करणारे लोक इथवर पोचलेत, प्रत्यक्षात ट्रकमध्ये विहिरी आणि खाणींच्या नावावर उचललेल्या जिलेटिनच्या कांड्या असतात आणि त्यामागे असतो तिच्या भावाचा भागीदार. धोका खरा, त्याचा तिने लावलेला अर्थ चुकीचा. आपल्याकडे वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे म्हणून तिथली चोरी दाखवायचा मोह मलाही झाला होता, तो टाळला, खऱ्या कारखान्यावर खोटी चोरी कशाला लादायची. पण कारखाना कथेत आहे. तिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात, आणि मेजरचे वडील तिथूनच रिटायर झालेत. तिने आयुष्यभर जी गोळी मोजून घेतली नि मोजून परत केली ती कदाचित वडिलांच्या हाताखालून गेलेली, हे दोघांनाही माहितीये आणि दोघंही कधी बोलत नाहीत.

बोली आणि गाव

खान्देश म्हणजे सरसकट अहिराणी नव्हे, हे नाशिकच्या पलीकडच्यांना कोण सांगणार, पण निदान आपण तरी चुकू नये. धुळे, साक्री, अमळनेर, चाळीसगाव या बाजूला अहिराणी. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा, तडवी, नंदुरबारकडे भिली. सावद्याच्या आईच्या तोंडी अहिराणीतलं "मनी पोर", म्हणजे माझी पोर, टाकलंत की पहिल्याच पानावर रावेरचा वाचक म्हणेल, ही तर अमळनेरकडची. आणि मेजर स्वतः कसं बोलते? बारा वर्षं हिंदीत हुकूम दिलेत तिने. माझी मेजर घाबरली की हिंदीत बोलते, "गाडी साइड लगाओ", आणि आईशी भांडताना बोलीवर येते. तिची मनःस्थिती मी भाषेवरूनच दाखवते, वेगळं वर्णन करत नाही.

घड्याळ पण गावातलंच घ्या. थ्रिलरला मुदत लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, गाव भरलेलं असतं, ही ती तारीख. नाहीतर श्रावणातला कानबाई देवीचा उत्सव, रात्रभर जागरण आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाला नदीवर लोटलेली गर्दी, त्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आणि तापीला सोडलेलं पाणी. मी आखाजी घेतली, कारण माहेरवाशिणींच्या गर्दीत कायमची माहेरी आलेली एकटी तीच असते.

बंदूक, पोलीस, कागद

हे पटकन उरकते. नोकरी सुटली की हत्यार जमा होतं, घरी येत नाही. खाजगी बंदुकीला जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना लागतो, आणि फौजेचं नऊ एमएम पिस्तूल नागरिकाला प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या बंदी असलेल्या मापात, येतं. माझी मेजर अख्ख्या कादंबरीत बंदुकीला हात लावत नाही आणि त्याने कथा कुठेच ढिली पडत नाही. १ जुलै २०२४ नंतरचा खून असेल तर कलम ३०२ लिहू नका, न्याय संहितेत ते १०३ आहे. मेडिकल बोर्डाच्या कागदावर शेप (SHAPE) अशी अक्षरं असतात, त्यातलं पहिलं एस म्हणजे मनाची अवस्था, आणि शेप वन म्हणजे ठणठणीत. तिच्या फायलीत एसपुढे एकाऐवजी दुसरा आकडा दिसला की कागद बघणारा खलनायक न बोलता हसतो, एवढं पुरे. फाइल त्याच्या हातात कशी आली ते तुम्ही ठरवा. माझ्या कथेत भाऊच नेऊन देतो, बहिणीच्या भल्यासाठी म्हणून.

फौजी माणसाशी बोलताना

किती मारले, भीती वाटली का, हे दोन प्रश्न विचारायचे नाहीत. चहा किती वाजता यायचा, बूट काढून झोपायचात का, रजेवर निघालात की पहिली आंघोळ कुठे करायचात, हे विचारा. आबांनी मला सांगितलं की रजेवर येताना झेलम एक्स्प्रेसमध्ये बसल्यापासून झोप लागायची नाही आणि भुसावळला प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला की डोळे मिटायला लागायचे, घरचे भेटायच्या आत. माझं पहिलं प्रकरण आता तसंच आहे, फक्त उलटं, मेजरला भुसावळपर्यंत गाढ झोप लागते आणि उतरल्यापासून लागत नाही.

बोलता बोलता समोरचा माणूस गप्प झाला तर वही मिटा. मी एकदा मिटली नाही, "मग पुढे?" असं विचारलं, आणि त्यानंतर दोन आठवडे आबा आमच्या ओट्यावर आले नाहीत. शेवटी मीच डाळबट्टीचा डबा घेऊन गेले. कुणाला खरंच त्रास होतोय असं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ नंबर द्या, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि कादंबरीचं नंतर बघा.

लिहायचा रतीब आणि वाचायला कुणाला द्यायचं

रोज पाचशे शब्द, सकाळी, लाइट जायच्या आधी. दीड-दोन हजार शब्दांचं प्रकरण, अशी चाळीस. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का द्यायची गरज नाही, एखादी गोष्ट मोजून कमी भरली एवढं जरी दाखवलं तरी माणूस पान उलटतो. आठवणीतला काफिला सलग सांगू नका, पाच तुकडे करा आणि चौथी गाडी पुढे काढायचा हुकूम अगदी शेवटच्या तुकड्यात ठेवा, तोवर वाचकाला ती कशामुळे मोजते ते कळायला नको.

पहिला मसुदा झाला की साहित्यिक मित्राला देऊ नका, तो प्रतिमा सुंदर आहेत म्हणेल. एका फौजीला द्या आणि तुमच्या कथेतला धंदा करणाऱ्या एकाला द्या. आबांनी यावेळी पानं परत करताना फक्त काफिल्यातल्या दोन गाड्यांमधलं अंतर दुरुस्त केलं, म्हणजे पास. दुसरी प्रत दिली सावद्याच्या एका केळीवाल्या काकांना. त्यांनी फोनच केला. "ताई, रिकामी गाडी कोणी ताडपत्री आवळून आणतं का? ताडपत्री घडी करून कॅबिनवर टाकलेली असते. तुमचा चोर पहिल्याच नाक्यावर धरला जाईल."

मी म्हटलं, मग त्याने माल लपवायचा कसा?

काका जरा थांबले, आणि मग मला वाटतं त्यांनाही मजा यायला लागली. "वरून रिकामे कॅरेट रचायचे. कॅरेट परत येतातच, कोणी विचारत नाही. वजन काही नसतं त्यांचं, पण दिसायला गाडी भरलेली."

म्हणजे गाडी उघड्यावर, सगळ्यांना दिसणारी, रिकाम्या कॅरेटची, आणि पाटे मात्र सरळ. ताडपत्री सगळीकडून काढून टाकलीये, भर रस्त्यातला तो फाडण्याचा प्रसंगही नव्याने लिहायला घेतलाय, आता ती कॅरेट एकेक करून खाली उतरवते आणि उतरवताना मोजते.